खडूची रेघ

भुसावळच्या शेडमधून सुटलो मार्चअखेर.
बत्तीस वर्षांच्या बदल्यात एक घड्याळ, एक शाल,
आणि बँकेत आलेला आकडा.
पोरीच्या नावचं बाजूला काढल्यावर
उरले तीन लाख दहा हजार.
एवढ्यात एकच होतं.

मागच्या अंगणात खडूने रेघ ओढली :
बारा बाय वीस.
इथे लेथ, साडेचार फुटी, राजकोटची, जुनी पण बेड सरळ.
इथे व्हाइस, माझ्या कोपराच्या उंचीचा,
आयुष्यभर सरकारी उंचीच्या व्हाइसवर वाकलो.
ग्राइंडर खिडकीशी.
रेघ दोनदा पुसली गेली,
एकदा वाऱ्याने,
एकदा कौतिकाने बिबड्या वाळत घातल्या
बरोब्बर लेथच्या जागी.

आणि तिकडे सावद्याला
केळीच्या वखारीमागे, कडुनिंबाखाली
ती उभी आहे.
नाकावर तारा असलेली टाटा,
ताऱ्याची एक तंगडी तुटलेली.
नजीर तडवी चालवायचे तिला.
मी सतराचा, क्लीनर, दोन उन्हाळे.
निंभोऱ्याला भरली की बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर,
मागे वाळल्या पानांत निजवलेले घड
आणि घडांवर मी.
घाटात नजीरमामा क्लच दोनदा दाबायचे,
कान गिअरबॉक्सकडे,
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे.
"दातावर दात घासू नको, तिले दुखतं."
माझे हात शेडमध्ये शिकले हे खरं.
कान तिथे शिकले.

परवा जाऊन आलो.
रेडिएटर चोरांनी नेला, डायनॅमो कुणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे.
टूलबॉक्समध्ये मुंगसाचं बिऱ्हाड.
ब्लॉकवरून हात फिरवला, बोटाला काळं लागलं, तडा नाही लागला.
सुपडू चौधरी म्हणाला, भंगारवाला एकतीस रुपये किलो देतो,
तू आपला माणूस, बत्तीस दे.
म्हणजे सव्वा लाख नुसते उचलायचे.
मग पिस्टन, लायनर, टायर, रंग,
आणि कागद.
कागदांचं नाव काढलं तसा सुपडू चहा सांगायला उठला.

रात्री दुधाच्या वहीत मागच्या पानावर आकडे मांडतो.
वर्कशॉप म्हणजे काम आहे :
विहिरींच्या मोटारींचे शाफ्ट, पंपांचे बुश,
गिऱ्हाईक दारात येईल,
मे महिन्यात पत्र्याखाली पाना हातात धरवणार नाही
पण दुपारी कोण काम करतं.
आणि ट्रक?
तिचं काय करशील, असं कुणी विचारलं
तर माझ्याकडे उत्तर नाही,
एक आवाज आहे,
पहाटे, तिसऱ्या सेल्फला,
आधी खोकला आणि मग तो.
बत्तीस वर्षं इंजिनांत काढली, तसा पुन्हा ऐकला नाही.
छपराखाली हत्यारं नसतील तर तो काढू कुठून?
आणि तो काढायचा नसेल
तर हत्यारांना रोज सकाळी सांगू काय?

"झोपा आता," कौतिका म्हणते,
"दोन्हीबी लोखंडच आहे."

सोमवारी विटा उतरल्या.
वर्कशॉपच.
शहाण्या माणसासारखं ठरवलं,
सुपडूला फोन करून सांगितलंसुद्धा,
तो म्हणाला, बरं, भंगारवाला दिवाळीपर्यंत थांबतो.
मी विचारलं नव्हतं.

झिपरू मिस्त्रीने पायाची दोरी बांधली.
दार किती?
म्हटलं, नऊ फूट रुंद. उंचीबी नऊ.
त्याने टेप तसाच धरला हवेत.
"लेथ आणायची का हत्ती, दादा?"
मी विटा मोजू लागलो,
सकाळी मोजलेल्याच.

ओट्यावर कौतिका गव्हातले खडे काढत होती.
सुपातून मान वर न काढता म्हणाली,
"नऊ पुरतीन का रे, झिपरू?
वरचा टप धरून मोजजो."